शब्दचर्चा : 'वाकडं', 'बाक' आणि 'पीळ'

प्रश्न (दर्यापूरकडून) : मामा बांधावरून मुठीवर पडले, करंगळीमागचं पंजाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहून सांगितलं, "४० अंशांचा बाक आहे, चालेल," आणि प्लास्टर घातलं. शेजारच्या खाटेवरच्या पोराचं मधल्या बोटामागचं हाड २० अंशच वाकलेलं, त्याला मात्र हाडात तार घातली. मामी म्हणे, "ज्याचं जास्त वाकडं त्याले पट्टी, अन् ज्याचं कमी त्याले तार? हे कोनतं गनित?" 'बाक' हा शब्द इथे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे, छानच आहे. बाक म्हणजे हाडाची स्थिती, कोन म्हणजे फोटोवर रेघा ओढून केलेलं तिचं माप. (पुस्तकात या हाडाला करभास्थी म्हणतात, खाटेवर कोणी म्हणत नाही.) मामींचं गणित सुटतं ते बुडाच्या सांध्यापाशी. करंगळीमागचं हाड मनगटाशी बरंच हलतं, म्हणून हाडाच्या मानेजवळचा, म्हणजे मुठीच्या उंचवट्याच्या जरा खालचा, ४०-५० अंशांचा बाकही हात सांभाळून घेतो. तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडं जवळजवळ खिळलेली. तिथे १०-१५ अंशांपुढे तळहातात गोळा टोचतो, कासरा आवळून धरता येत नाही. मामांच्या मुठीवरचा एक उंचवटा मात्र बसका दिसेल, तो बहुधा तसाच राहील.

दुसरं उत्तर (आर्वीकडून) : घोळ 'वाकडं' या शब्दात आहे. आपण बाकालाही वाकडं म्हणतो आणि पिळालाही. पीळ म्हणजे दोराचा असतो तोच, हाड स्वतःभोवती फिरलेलं. फोटोत तो नीट दिसत नाही, अंश मोजून हाती लागत नाही. त्यासाठी मूठ वळायला लावतात. बोटं एकमेकांवर चढली की पीळ आहे. मोडलेल्या जागी ५ अंशांचा पीळ असला, तर बोटाचं टोक दीड सेंटीमीटरपर्यंत सरकतं. तिथे बाक थोडा असला तरी डॉक्टर तारेकडे वळतात. आणि आकड्यावरही फार विसंबू नये. हात जरा तिरपा ठेवून फोटो काढला की कोन बदलतो. एकाच फोटोवर दोघा डॉक्टरांच्या रेघा वेगळ्या पडतात. ३८ आणि ४२ यांत भांडण्यासारखं काही नाही.

प्रश्नकर्ता : मामांना मूठ वळायला लावलीच होती, तेव्हा आम्हाला वाटलं ताकद पाहतात. बोटं चढत नव्हती. मामी आता विचारते, "मंग पीळ नाई, बाक हाय, असं सरळ सांगाले काय झालं होतं?"