लाइनआऊटचा प्रत्येक बिंदू थेट जीपीएसनेच द्यावा का?

तापीकाठ, शिरपूर:
आपल्या भागात लाइनआऊट (नकाशा जमिनीवर आखणे) म्हटले की अजूनही दोरी, गुण्या, ओळंबा आणि चुन्याची फक्की पुढे येते. काम मोठे असले तर फार तर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) येते. माझे स्पष्ट मत असे आहे की खानदेशातील मोकळ्या जागांवर प्रत्येक कॉलमचा केंद्रबिंदू थेट जीपीएस सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरने द्यावा आणि दोरी-टेप केवळ पडताळणीपुरती ठेवावी. सेंटर लाइनची (कॉलमच्या मध्यरेषांची) डीएक्सएफ, म्हणजे संगणकीय नकाशाची, फाइल कंट्रोलरमध्ये (सॉफ्टवेअर चालवणाऱ्या हातातल्या यंत्रात) घेतली की निर्देशांक हाताने उतरवण्यातील चुका टळतात. किती उत्तरेला आणि किती पूर्वेला सरकायचे ते पडद्यावर दिसत राहते आणि एकटा माणूस रोव्हर (फिरता जीपीएस रिसीव्हर) घेऊन खुंट्या ठोकत जाऊ शकतो.

आपल्या जमिनीचाही विचार करावा. तापीच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खुंट्या जागच्या हलतात. उरलेल्या खोदकामात जेसीबीखाली जातात. दोरीच्या पद्धतीत एक कोपरा गेला की मांडणी पुन्हा करावी लागते, रोव्हरने तोच बिंदू काही मिनिटांत परत मिळतो. शिवाय टेपवर आपण समजतो तितका विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नसते. २० अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेली ३० मीटरची पोलादी टेप मे महिन्याच्या उन्हात ५० अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारे १० मिलिमीटरने लांबते. ही दुरुस्ती साइटवर करताना मी कोणाला पाहिलेले नाही.

पांझरा, धुळे:
मी याच्याशी सहमत नाही, आणि कारण सरळ आकड्यांचे आहे. आरटीके रिसीव्हरच्या, म्हणजे एका जागी ठेवलेल्या बेस रिसीव्हरकडून तत्क्षणी दुरुस्ती घेणाऱ्या रोव्हरच्या, माहितीपत्रकात आडवी अचूकता साधारणपणे ८ मिलिमीटर, अधिक बेसपासूनच्या प्रत्येक किलोमीटरला १ मिलिमीटर अशी दिलेली असते. ही चुकीची कमाल मर्यादा नव्हे. मोकळ्या आकाशाखाली घेतलेल्या वाचनांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाचने या मर्यादेत पडतात, उरलेली तिच्या बाहेर जातात. शेजारचे दोन कॉलम स्वतंत्रपणे चुकत असल्याने ६ मीटरच्या गाळ्यात (दोन कॉलममधील अंतरात) एक-दीड सेंटिमीटरचा फरक निघाला, तर यंत्र बिघडले असे म्हणता येणार नाही. ते आपल्या क्षमतेप्रमाणेच चाललेले असते.

आता हा फरक कुठे चालतो ते पाहू. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे फुटिंगची (कॉलमखालच्या पायाची) उत्केंद्रता, म्हणजे केंद्र सरकणे, त्या दिशेच्या रुंदीच्या ०.०२ पट, परंतु ५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, इतकी चालते. म्हणजे दीड मीटरच्या फुटिंगला ३० मिलिमीटर. खड्डे आणि पीसीसी (पायाखालचे साधे काँक्रीट) यांसाठी रोव्हर खुशाल वापरावा. लोखंडी शेडच्या अँकर बोल्टला मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे सवलत नसते, कारण बेस प्लेटची छिद्रे कारखान्यातच पडलेली असतात. तिथे ५ सेकंदांच्या टोटल स्टेशनची कोनातील चूक ५० मीटरवर जेमतेम १.२ मिलिमीटर भरते. हे काम रोव्हरचे नाही.

सातपुडा, नंदुरबार:
पांझरा यांचे आकडे मान्य आहेत, पण ही चर्चा केवळ शेड आणि इमारतींपुरती राहू नये. खानदेशात सध्या जी मोठी कामे चालू आहेत किंवा येऊ घातली आहेत, ती बहुतेक लांबच लांब आहेत. सुलवाडे–जामफळ–कानोली उपसा सिंचन योजना घ्या, किंवा सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड–इंदूर रेल्वेमार्ग घ्या. अशा कामात भरावाची कड, कालव्याची मध्यरेषा, जलवाहिनीची वळणे यांना दोन-तीन सेंटिमीटर पुरेसे असतात आणि टोटल स्टेशन दर काही शे मीटरवर हलवत बसणे परवडत नाही. साक्रीकडे माळरानावर सौर पॅनेलचे जे हजारो खांब रोवले गेले, तसे काम दोरीने करायला मी तरी कोणालाही सांगणार नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव:
यंत्राच्या अचूकतेवर बरेच बोलून झाले, परंतु मला काळजी वाटते ती सॉफ्टवेअरमधील मांडणीची, कारण तिथली चूक पडद्यावर दिसत नाही. कंट्रोलर 'फिक्स' (स्थान पक्के झाल्याची खूण) दाखवतो, आठ मिलिमीटर दाखवतो आणि बिंदू तरीही चुकीच्या जागी असतो.

पहिली बाब प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीची. आपण सर्रास यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर हा पट्टा निवडतो. तो ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांपर्यंत आहे आणि त्याची मध्यरेषा ७५ अंशांवर आहे. ही रेषा नेमकी खानदेशातून जाते: चाळीसगाव जवळजवळ तिच्यावरच आहे, धुळे तिच्या थोडे पश्चिमेला आणि अमळनेर अगदी किंचित पूर्वेला. या प्रक्षेपणात मध्यरेषेवरचे प्रमाण मुद्दाम ०.९९९६ ठेवलेले आहे, म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर ग्रिडवर (प्रक्षेपणाच्या नकाशावर) ९९.९६ मीटर होतात. त्यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा परिणाम मिळवला की धुळ्याला दर १०० मीटरला सुमारे ४३ मिलिमीटर आणि जळगावला सुमारे ३९ मिलिमीटर फरक पडतो. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला ही दुरुस्ती निराळी येईल. आपल्याकडे ती जवळजवळ पूर्णच भोगावी लागते.

वास्तुविशारदाचा नकाशा जमिनीवरच्या अंतरांत काढलेला असतो. तो तसाच यूटीएमवर बसवून बिंदू दिले, की धुळ्यातील १०० मीटरची शेड जमिनीवर १०० मीटर ४ सेंटिमीटर भरते. प्रत्येक ६ मीटरच्या गाळ्यात हा वाटा अडीच मिलिमीटरचा असल्याने गाळा मोजून काहीच कळत नाही, आणि शेवटच्या चौकटीपाशी लोखंड जुळेनासे होते. तापीकाठ यांनी पडताळणीसाठी टेप ठेवायला सांगितले आहे, म्हणून हे विशेष करून मांडतो. ३० मीटरवर ग्रिडमुळे अंतर १३ मिलिमीटर जास्त पडलेले असते. तापलेली टेप १० मिलिमीटर लांब झालेली असल्याने ती तेवढेच कमी वाचते. दोन्ही चुका एकमेकींना झाकतात, टेपवर ३० मीटर ३ मिलिमीटर दिसतात आणि सगळे समाधानाने पुढे जातात. मे महिन्यात केलेली पडताळणी अशी फसवी ठरते.

दुसरी बाब बेसची. स्वतःचा बेस लावताना अनेक जण 'येथील स्थान' हे बटण दाबून मोकळे होतात. ते स्थान दोन-तीन मीटर इकडेतिकडे असू शकते. त्या दिवसापुरते सगळे बिंदू एकमेकांशी जुळतात, परंतु दुसऱ्या दिवशी बेस पुन्हा तसाच लावला की साऱ्या साइटचा नकाशा मीटरभर सरकतो. बेसचा बिंदू पक्क्या काँक्रीट खांबावर असावा, त्याचे निर्देशांक एकदा ठरवून रोज तेच टाइप करावेत, आणि खांबाचा पाया काळ्या मातीच्या हलत्या थराखाली मुरमात न्यावा.

तापीकाठ, शिरपूर:
गिरणाकाठ, ग्रिड आणि जमीन यांतील फरक सॉफ्टवेअरला ठाऊक असतो. ट्रिंबल अ‍ॅक्सेस असो की दुसरे कोणते, जमिनीवरची अंतरे वापरण्याची सोय त्यात असते. त्याहून सोपा मार्ग साइट कॅलिब्रेशनचा आहे: नकाशातील ओळखीचे बिंदू जागेवर मोजले की सॉफ्टवेअर फिरवणे, सरकवणे आणि प्रमाण हे सारे स्वतः बसवते. ही सोय न वापरणे हा माणसाचा दोष आहे. त्यासाठी पद्धत सोडून द्यावी हे मला पटत नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव:
सोय आहे, हे खरेच. पण बहुतेक साइटवर कॅलिब्रेशन दोनच बिंदूंवर होते. दोन बिंदूंवर प्रमाण मोकळे सोडले तर उरलेली चूक नेहमी शून्य दिसते, कारण दोन बिंदूंना जुळवून घ्यायला गणिताला पुरेशी मोकळीक मिळते. एक खुंटी दहा सेंटिमीटर सरकलेली असली तरी सॉफ्टवेअर सारी इमारत थोडी ताणून ती चूक पोटात घालते. म्हणून जागेला वेढणारे किमान चार बिंदू घ्यावेत आणि निघालेले प्रमाण वाचावे. ते १.०००४ च्या आसपास आले तर आपल्याकडे ते अपेक्षितच आहे, १.००३ आले तर काम तिथेच थांबवावे. माझा आग्रह इतकाच आहे की सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला हा आकडा कुठे दिसतो आणि त्याचा अर्थ काय, हे आले पाहिजे. केवळ खुंटी ठोकता येणाऱ्याच्या हाती रोव्हर देऊ नये.

केळीपट्टा, फैजपूर:
मी गावोगावची घरे आणि शेतातल्या शेड बांधतो. आपण सर्वजण नकाशा बरोबर आहे असे धरून बोलत आहात, पण आमच्याकडे मुळात हद्दच वादात असते. बांध सरकलेला असतो, जुनी निशाणी सापडत नाही. मालकाने दाखवलेल्या कोपऱ्यावरून रोव्हरने बिंदू दिले तर ते चुकीच्या जागी अतिशय अचूक पडतात. भूमी अभिलेखाची मोजणी करून हद्दीचे निर्देशांक हाती आल्याशिवाय हे यंत्र आणण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि चार खोल्यांच्या घराला तीन-चार-पाचचा त्रिकोण व दोन कर्ण पुरतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे आले की चौकट काटकोनात आहे, यावर कोणाचाही वाद होत नाही. मालकाला आणि शेजाऱ्याला तो काटकोन डोळ्यांनी दिसतो. लहान कामांवर रोव्हरचे भाडे लादू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वाघूर, भुसावळ:
दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे वेळ. उपग्रहांचे संदेश आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) येतात आणि भारतासारख्या कमी अक्षांशाच्या प्रदेशात त्याचा त्रास समशीतोष्ण देशांपेक्षा जास्त होतो: दुपारी इलेक्ट्रॉनांची घनता सर्वाधिक असते आणि सूर्यास्तानंतर संदेश थरथरतात. सूर्यावरील हालचाल वाढलेल्या वर्षांत हे अधिक जाणवते. महत्त्वाचे बिंदू सकाळी द्यावेत आणि तेच बिंदू तासा-दोन तासांनी, रिसीव्हरचे गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू करून तपासावेत, कारण खोटा 'फिक्स' लागोपाठच्या वाचनांत तसाच टिकून राहतो. पत्र्याच्या भिंतीजवळ तर हे केल्याशिवाय खुंटी ठोकूच नये.

दुसरी म्हणजे उंची. जीपीएस देते ती पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळापासूनची उंची, आपल्याला हवी असते समुद्रसपाटीपासूनची, आणि भारतात या दोहोंत दहा मीटरांहून कितीतरी जास्त अंतर आहे. एवढा मोठा फरक लगेच लक्षात येतो. धोका जिऑइडचे (समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाचे) प्रतिरूप थोडे चुकले तेव्हा असतो, कारण मग चूक काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर राहते आणि खपून जाते. तापीकाठी पूररेषेच्या वर जोते ठेवायचे असेल किंवा शेतचारीला उतार द्यायचा असेल, तेव्हा पातळी ऑटो लेव्हलनेच (पातळी मोजण्याच्या दुर्बिणीनेच) न्यावी. याला अपवाद करू नये.

तापीकाठ, शिरपूर:
उंचीच्या बाबतीत आणि अँकर बोल्टच्या बाबतीत माझा आता आग्रह नाही. फैजपूरच्या बंधूंचा हद्दीचा मुद्दाही रास्त आहे, मात्र तो दोरीलाही तितकाच लागू होतो; चुकीच्या कोपऱ्यावरून सोडलेली दोरी बरोबर जागी कशी पडेल? औद्योगिक शेड, शाळा, गोदामे यांचे खड्डे आणि फुटिंग यांसाठी रोव्हरच पहिले साधन असावे, या मतावर मी ठाम आहे. गिरणाकाठ यांना एकच विचारतो: चार बिंदूंचे कॅलिब्रेशन, प्रमाणाचा आकडा आणि दुसऱ्या वेळेचे वाचन यांची नोंद लाइनआऊटच्या कागदावर जोडली, तर आपण त्यावर सही कराल का?

गिरणाकाठ, चाळीसगाव:
फुटिंगपर्यंत करीन. त्यासोबत बेसच्या खांबाचे निर्देशांक आणि दोन्ही कर्णांची टोटल स्टेशनने घेतलेली मापेही हवीत. फुटिंगच्या वर, कॉलमची सेंटर लाइन पीसीसीवर मारताना, मी टोटल स्टेशनशिवाय सही करणार नाही.