श्री ठाणेदार आपले, म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत?

मिशिगनकर
बेळगावात वाढलेला मराठी माणूस २०२३ पासून डेट्रॉईटचा खासदार आहे, याचा मलाही अभिमान वाटला होता. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ते सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा मागत होते. मी त्यांनाच मत दिलं. २०२१ मध्ये मिशिगनच्या विधानसभेत इस्रायलची मदत थांबवा म्हणणाऱ्या ठरावाचे ते सहप्रस्तावक होते. पुढे २०२४ मध्ये त्यांच्या पाठीशी आयपॅक हा अमेरिकेतला इस्रायलसमर्थक दबावगट उभा राहिला. डाव्या मतदाराला हे खुपणारच.

बेळगावकर
मधल्या ७ ऑक्टोबर २०२३ चं काय? हमासच्या त्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या पॅलेस्टाईनसमर्थक मोर्चाला साथ दिली म्हणून त्यांनी डेमोक्रॅटिक सोशलिस्ट ही डावी संघटना सोडली. इतकं घडल्यावर माणसाचं मत बदलूच नये? आणि पैशाचं म्हणाल, तर २०२२ मध्ये आयपॅकच्या सुपर पॅकने, म्हणजे प्रचारावर हवा तेवढा खर्च करू शकणाऱ्या समितीने, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी सुमारे ४० लाख डॉलर ओतले. तरी स्वतःच्या पैशावर लढून हे निवडून आले. विकाऊ कसे म्हणता?

मिशिगनकर
विकाऊ मी म्हटलं नाही. पण ते ४० लाख आठवा. पैसे यांच्या हातात द्यावेच लागत नाहीत, समोरच्याला देऊ शकतो एवढं दाखवलं की पुरतं. हा माझा तर्क आहे, पण २०२१ आणि २०२४ शेजारी ठेवले की दुसरं काही सुचत नाही.

न्यूजर्सीची ताई
स्वतःचा पैसा म्हणजे स्वच्छ, हेही मला पटत नाही दादा. डेट्रॉईटसारख्या गरीब शहरात कोट्यधीशच उभा राहू शकला, तर बाकीच्यांनी काय करायचं? जवळजवळ ७० वर्षांत पहिल्यांदा त्या शहराचा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही.

बेळगावकर
ताई, मतं डेट्रॉईटकरांनीच दिली ना? त्यांना घरभाडं, पाण्याचं बिल, नोकरी हवी. गाझावरून खासदार निवडायचा का? शिवाय प्रायमरीत त्यांच्या विरोधात उतरलेल्या डोनाव्हन मॅकिनींनाही जस्टिस डेमोक्रॅट्स या देशभर डाव्या उमेदवारांना पाठबळ देणाऱ्या संघटनेचं बळ मिळालंच. ती काय डेट्रॉईटची संघटना आहे?

मिशिगनकर
फेब्रुवारी २०२४ च्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत गाझावरून बायडेनना नकार देत १ लाखाहून जास्त मिशिगनकरांनी 'अनकमिटेड'वर, म्हणजे कुठल्याच उमेदवाराला बांधील नाही या पर्यायावर, खूण केली. शेजारच्या, मोठ्या अरब वस्तीच्या डिअरबॉर्नमध्ये तर बायडेन मागे पडले. ज्यांचे नातेवाईक तिकडे मरतात, त्यांच्यासाठी हा परराष्ट्राचा नाही, घरचा विषय आहे. माझं मत आता ठाणेदारांना नाही. मंडळाच्या गणपतीला भेटले तर नमस्कार करून हेच तोंडावर सांगेन.