घोडी, कुत्री, मांजरं आणि आपला मळा : नाशिककरांनो, अनुभव सांगा

गिरणारे रस्त्याला आमचा लहानसा मळा आहे. थोडी द्राक्षं, थोडा भाजीपाला, एक घोडी, तिचं शिंगरू, दोन कुत्री आणि तबेल्यातच मुक्काम ठोकलेली मांजर. घोडं म्हटलं की लोकांना वरात नाहीतर शर्यत आठवते. घरचं जनावर म्हणून त्याला सांभाळताना दिवस कसा जातो, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. बारीकसारीक गोष्टीही लिहा, त्याच दुसऱ्याच्या कामी येतात.

सुरुवात मी करते. सकाळी उठल्यावर आधी लीद बघते, चहा नंतर. गोळे नेहमीसारखे ओलसर, सहज मोडणारे असले की अर्धी काळजी मिटते. घोड्याला उलटी होत नाही. पोटात काही बिघडलं तर वर यायला वाटच नाही, त्यामुळे पोटशुळाची धास्ती कायम. पुढच्या पायानं जमीन उकरणं, मान वळवून कुशीकडे बघणं, पुन्हा पुन्हा लोळणं यातलं काहीही दिसलं की खाणं काढून घ्यायचं आणि लगेच डॉक्टरांना फोन. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकदम देत नाही, थोडी थोडी विभागून देते. सुकं गवत मात्र सतत समोर. जठर लहान आणि दिवसभर चरायची सवय, असं हे जनावर. पाणी रोज 25 ते 40 लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

मग खरारा, म्हणजे ब्रशानं अंग घासणं. हात अंगभर फिरतो तेव्हाच सूज, गोचीड, जखम सापडते. शिंगरू तेवढा वेळ माझ्या ओढणीचं टोक चघळत शेजारी उभं राहतं. दिवसातला हा वेळ मी कुणालाही द्यायची नाही.

पिंपळगाव बसवंतहून
ताई, तुमच्याकडे कुत्री आणि द्राक्षं दोन्ही आहेत म्हणून आधी हे लिहितो. द्राक्षं कुत्र्याला विषारी, बेदाणेही. मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. खुडणीच्या दिवसांत बागेत मणी सांडलेलेच असतात. शेजारच्या मळ्यातल्या कुत्रीनं ते खाल्ले, उलट्या सुरू झाल्या, पुढे लघवी बंद झाली. वाचली नाही बिचारी. तेव्हापासून खुडणी संपेपर्यंत आमचा मोती बागेच्या कुंपणाबाहेर. कांद्याचंही तेच, कच्चा असो की भाजीतला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मांजराला तर जास्तच बाधतो. आपल्या जिल्ह्याची दोन्ही मोठी पिकं यांच्या जिवावर उठणारी आहेत. मजुरांना, पोरांना, पाहुण्यांना, सगळ्यांना सांगून ठेवा. आणि मोरचुदाचं, म्हणजे बागेवर फवारायच्या तांब्याच्या औषधाचं, पाणी कालवलेली टाकी उघडी ठेवू नका, घोडी तोंड घालते.

सायखेड्याहून
आमच्याकडे ऊस, म्हणजे बिबट्या आलाच. अंधार पडायच्या आत कुत्री खोलीत. रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला आयतं भक्ष्य. काटेरी पट्टा घालतो, पण भिस्त बंद दारावर. शिंगरूही आत घ्या. आमची घोडी कान टवकारून उसाकडे बघत फुरफुरायला लागली की मी बॅटरी घेऊन उठतो, कुत्री त्यानंतर भुंकतात.

घोटीहून
इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. खुराच्या तळव्यात चिखल दाबून बसतो, मग खूर सडतो आणि काळा, घाण वासाचा स्राव येतो. सकाळ-संध्याकाळ चारही पाय उचलून आकडीनं साफ करतो, तबेल्यात मुरूम टाकून जमीन उंच घेतली आहे. पावसाळ्यात चावऱ्या माश्यांचाही बंदोबस्त करा. सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग त्यांच्यामुळेच पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज दिसते, खातंपितं घोडं वाळत जातं. शंका आली की रक्त तपासून घ्या.

मखमलाबादहून
आमची मांजर थंडीत घोडीच्या पाठीवर झोपते आणि घोडी हलत नाही. एवढंच सांगायचं होतं!

देवळालीहून
पहिल्यांदाच घोडं घ्यायचं मनात आहे. जागा आहे, वेळ आहे. एकच घेतलं तर चालेल का?

येवल्याहून
बाळा, घोडं कळपातलं जनावर, एकटं ठेवलं तर झुरतं. दुसरं घोडं परवडत नसेल तर शेळी तरी सोबतीला ठेव. आमच्या घरी टांग्याची घोडी होती, तेव्हापासून हे बघत आलोय. जात म्हणशील तर आपली भीमथडी बघ: दख्खनच्या खडकाळ मुलखातली, काटक, थोडक्यावर भागवणारी. दोन गोष्टी नीट लक्षात ठेव. गायीचं किंवा कोंबडीचं तयार खाद्य घोड्याला कधीही घालू नकोस. काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गायीला ते चालतं, घोड्याचं हृदय त्यानं निकामी होतं. दुसरं, नालबंद आधी शोध, घोडं मागाहून. नाल मारलेली असो वा नसो, 6 ते 8 आठवड्यांनी खूर तासावाच लागतो आणि चांगले नालबंद आता कमी उरलेत. बाजारात पसंत पडलं तरी पैसे मोजण्याआधी सर्रा आणि ग्लँडर्स या दोन्ही तपासण्या करून घे. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग, माणसालाही होतो. आपल्या येवल्याच्या घोडेबाजाराला येशील तेव्हा सांग, मी सोबत येतो, पाय उचलून बघू.