विषय: अलास्का क्रूझ, आईबाबा सोबत – तब्येतीची काय काळजी घ्यावी?

मंडळी, नमस्कार.

ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरवली आहे. पुण्याहून आलेले आईबाबाही सोबत आहेत. बाबांना मधुमेह आणि बीपी, दोन्ही. जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ आल्याच्या बातम्या वाचून आईने धसका घेतला आहे. सॅनिटायझरच्या बाटल्या आणून ठेवल्यात. आणखी काय न्यावं?

---

अगं, आधी आईंना धीर दे. या उलट्या-जुलाबांमागे बहुधा नोरोव्हायरस नावाचा विषाणू असतो. अमेरिकेत त्याच्या जेवढ्या साथी नोंदल्या जातात, त्यातल्या जेमतेम १ टक्का जहाजांवरच्या असतात. वृद्धाश्रमांत, हॉटेलांत, शाळांत कितीतरी जास्त होतात. पण जहाजांना पोटाच्या आजाराची नोंद सीडीसीला (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) द्यावीच लागते, आणि ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की ते जाहीर होतं. म्हणून बातमी होते.

सॅनिटायझरवर मात्र विसंबू नका, हे मी इन्फेक्शन कंट्रोलमध्ये नोकरी केलेली बाई म्हणून कळकळीने सांगते. अल्कोहोल विषाणूचं बाहेरचं स्निग्ध आवरण फोडतं. नोरोव्हायरसला ते आवरणच नसतं. साबण लावून, २० सेकंद चोळून, वाहत्या पाण्याखाली हात धुतले की तो निघून जातो. आपण पोळी, पाव, फळं हाताने खाणारी माणसं. बुफेतल्या त्याच पळ्या-चिमटे सगळ्यांच्या हातांतून गेलेले असतात. तेव्हा ताट वाढून घेतल्यावर एकाने टेबलापाशी थांबायचं, बाकीच्यांनी हात धुऊन यायचं, आणि मगच पहिला घास. बाबा कंटाळतील, तरी सोडू नकोस.

जहाजाचे स्वच्छता-तपासणीचे गुण सीडीसीच्या साइटवर मिळतात. १०० पैकी ८६ किंवा जास्त म्हणजे पास. निघण्याआधी बघून ठेव.

आणि कुणाला त्रास झालाच तर लपवू नका. केबिनमध्ये अडकवून ठेवतील या भीतीने लोक गप्प बसतात आणि तसेच जेवायला जातात. साथ तिथूनच पसरते. ताबडतोब दवाखान्यात कळवा. उलटी स्वतः टॉवेलने पुसू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा, त्यांच्याकडे योग्य जंतुनाशक असतं. बहुतेक जण एक ते तीन दिवसांत बरे होतात. बाबांच्या बाबतीत खरी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची. जुलाब होत असताना मधुमेहाच्या आणि बीपीच्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात, लघवी जास्त करवणाऱ्या तर खासच. कोणत्या आणि कधी, हे त्यांच्या डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घे. मनाने बंद करू नका. सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला कधीकधी संध्याकाळ होते.

बोट लागते म्हणून कानामागे लावायची पट्टी मिळते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

– काकू

---

काकूंनी सगळं लिहिलंच आहे, एक भर घालतो. आईबाबांची व्हिजिटर इन्शुरन्सची पॉलिसी नीट वाच. सिअ‍ॅटलच्या क्रूझ बहुधा व्हिक्टोरियाला थांबतात, म्हणजे कॅनडात. अमेरिकेबाहेर आणि समुद्रावर ती लागू आहे का, हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर तो खर्च त्यात धरला आहे का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घे. जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल तिकिटात नसतं.

---

काकू, खूप आभार! दादा, आजच ईमेल करते. काकू, आईने इलेक्ट्रलची पाकिटं आणली आहेत. त्यात साखर असते ना, बाबांना चालेल?

---

जुलाब होत असतील तर चालेल, द्यायलाच हवं. त्यातल्या ग्लुकोजमुळेच आतड्यात मीठ आणि पाणी शोषलं जातं. लिटरभर ओआरएसमध्ये (म्हणजे इलेक्ट्रलसारख्या मीठ-साखरेच्या पाण्यात) साधारण साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. साध्या कोकच्या एका कॅनमध्ये साखर याच्या जवळपास तिप्पट असते. अख्खं पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच घालायचं, अंदाजाने नाही. घोट घोट द्यायचं आणि ग्लुकोमीटरवर साखर बघत राहायचं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र किती द्यायचं ते डॉक्टरांना विचार. तहान लागली म्हणून एरवी देऊ नकोस, तेव्हा साधं पाणी.

– काकू