मदत हवी आहे: सेल्युलाइटच्या खळग्यांसाठी सबसिजन

निशिगंध: नितंबांवर काही खळगे सुटे आणि खोल आहेत, मांड्यांची कातडी सगळीकडेच उंचसखल आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी सबसिजन, म्हणजे कातडीखाली सुई घालून कापणं, सुचवलंय. नेमकं काय कापतात? मांड्यांनाही उपयोग होईल का? रोज ॲस्पिरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे.

पारिजात: कातडीपासून खोलवर गेलेले तंतुमय पट्टे कातडीला खाली ओढून धरतात आणि मधली चरबी वर फुगते, हेच सेल्युलाइट. सबसिजनमध्ये फक्त हे पट्टे तोडतात, चरबी काढत नाहीत. त्यामुळे नितंबांवरच्या सुट्या खळग्यांना फायदा होईल. मांड्यांवरचा पसरट उंचसखलपणा बहुतेक कातडीच्या ढिलेपणाचा असतो, त्यासाठी हे करून घेऊ नका. लायपोसक्शनही (चरबी शोषून काढणं) नको, त्याने खळगे कधी कधी जास्तच उठून दिसतात.

खुणा उभं राहून, स्नायू सैल सोडून, तिरक्या उजेडात करायला हव्यात. आडवं झालं की खळगे दिसेनासे होतात, मग सुई भलतीकडे जाते.

रानवाट: लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि ॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं) टोचून जागा बधिर करतात. कातडी पांढुरकी पडेपर्यंत थांबलं तर रक्तस्राव कमी होतो. मग १८ गेज जाडीची किंवा पात्याच्या टोकाची सुई साधारण दीड-दोन सेंटीमीटर खोल नेऊन, कातडीला समांतर फिरवत ताणलेले पट्टे तोडतात. निर्वात पंपाने कातडी धरणाऱ्या यंत्रात ही खोली ६ किंवा १० मिलिमीटरला पक्की केलेली असते.

खरी चूक इथे होते: सुई वाटेल तितकी फिरवून सगळेच पट्टे तोडले की चरबीला आधार उरत नाही आणि खळग्याच्या जागी उंचवटा येतो. तो दुरुस्त करणं खळग्यापेक्षा अवघड. एकेक खळगा तपासत, थोडं कमी कापणारा डॉक्टर निवडा. लगेच पाच-दहा मिनिटं दाबून धरणं आणि पुढचे काही आठवडे घट्ट कॉम्प्रेशन पँट हवीच.

काळंनिळं सगळ्यांनाच होतं. रक्तातल्या लोहाचा तपकिरी डाग काही महिने राहू शकतो, त्यावर ऊन लागू देऊ नका. सूज वाढत गेली, आत पाणी साचल्यासारखं वाटलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

निशिगंध: ॲस्पिरिन आठवडाभर बंद केली तर चालेल?

पारिजात: स्वतःहून अजिबात नको. ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांनाच विचारा. हृदयात स्टेंट असेल आणि ते नाही म्हणाले, तर सबसिजन पुढे ढकला. खळग्यांची घाई नाही.