'वापरानुसार आकारणी' म्हणावं का नको? (मेनफ्रेमच्या बिलाचा शब्द)

गोदाकाठ:
मंडळी एक अडलंय. मेनफ्रेमवरच्या (बँका, विमावाले हिशेबाला वापरतात तो मोठा संगणक) सॉफ्टवेअरचं बिल प्रोसेसर किती चालला त्यावरून कसं निघतं, ह्याच्या ट्रेनिंगच्या नोट्स मराठीत करायलोय. मी आपलं बिनधास्त 'वापरानुसार आकारणी' लिहून पाठवलं. तपासणाऱ्या ताईंनी शेरा मारला, 'वापरानुसार नाही, चुकीचा समज होतो.' आता प्रोसेसर वापरला म्हणूनच बिल आलं ना, मग वापरानुसार नाही तर काय मुहूर्तानुसार? आणि 'रोलिंग फोर अवर ॲव्हरेज'ला काय म्हणू तेही सांगा. मी 'फिरती सरासरी' लिहिलंय, आमचे बंधू म्हणले फिरता दवाखाना वाटायलाय.

जुना बॅचवाला:
ताई बरोबर आहेत. मी बरीच वर्षं नाईट शिफ्टला बॅच जॉब (एकगठ्ठा चालणारी कामं) सांभाळलेत म्हणून सांगतो. आयबीएमच्या महिन्याच्या लायसनचं जे जुनं गणित आहे त्यात तुम्ही महिनाभरात एकूण किती प्रोसेसर खाल्ला हे कुणी विचारतच नाही. माप एमएसयूमध्ये, म्हणजे तासाला किती दशलक्ष सर्व्हिस युनिट (प्रोसेसरचं काम मोजायचं एकक). प्रत्येक तासाला मागच्या चार तासांची सरासरी काढायची आणि अख्ख्या महिन्यातला जो सगळ्यात मोठा आकडा तो बिलाला लागतो. समजा तुमचा एलपार (एकाच मशीनचा वेगळा पाडलेला वाटा) 300 वर चालतो, एका तासाला 900 वर गेला आणि परत 300 वर आला, तर 900 अधिक तीनदा 300, भागिले चार, म्हणजे 450. बिल 450 चं. ना 900 चं ना 300 चं. पण तोच जॉब चार तास 900 वर बसला की मेलात, उरलेला महिना मशीन झोपा काढंना का, बिल 900 चंच. आणि महिना म्हणजे आपला महिना नाही, 2 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपर्यंत.
आमच्याकडं एका पोरानं रविवारच्या रात्रीचा एक प्रोग्रॅम घासूनपुसून निम्म्या प्रोसेसरवर आणला, लई शाबासकी घेतली. बिल एक रुपयानं कमी झालं नाही, कारण आमचा डोंगर सोमवारी सकाळी 10 ते 2 चा होता. वापर घटला, आकारणी तीच. आता सांगा 'वापरानुसार' कसं म्हणायचं?

मोंढ्यातली शारदा:
मग ही तर 'कमाल मागणी' झाली की! आमच्या जिनिंगच्या लाईटबिलावर छापूनच येतं. युनिट वेगळे आणि मागणी आकार वेगळा. एकदा सगळे मोटर एकदम चालू केले तर तो आकडा वर जातो आणि मग महिनाभर मालक डोक्याला हात लावून बसतो. तयार शब्द असताना नवा कशाला पाडायचा.

शुद्धलेखन:
'कमाल मागणी' चालेल, पण आधी 'मेनफ्रेम'लाच 'महासंगणक' का म्हणत नाही आपण? सगळं इंग्रजी ठेवायचं आणि शेपटाला एक मराठी शब्द लावायचा, याला भाषांतर म्हणत नाहीत.

जुना बॅचवाला:
सर महासंगणक म्हणजे सुपरकॉम्प्युटर, पुण्याचा परम वगैरे, तो हवामानाची गणितं करतो. मेनफ्रेम हिशेब करतो, तुमच्या कार्डाचे, विम्याचे, तिकिटाचे. दोघांना एकच शब्द दिला तर नोट्स वाचणारा पोरगा मुलाखतीतच आपटंल.

आठ-अ:
'आकारणी' शब्दावर कुणी बोलंना म्हणून लिहितो. वडील तलाठी होते. सातबाऱ्यावर 'आकार' म्हणजे जमिनीवर बसवलेली रक्कम, पीक आलं न आलं त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे आकारणीत वापर मुळातच येत नाही, जमिनीची ताकद येते. त्या हिशेबानं पूर्ण मशीनच्या क्षमतेवर बिल घेतात ती खरी आकारणी, आणि वर सांगितलेलं चार तासांचं ते दुसरंच काहीतरी. झिप नावाचा प्रोसेसर असतो ना (2006 पासून आहे), ज्याच्यावर जावाचं आणि डीबीटू ह्या डेटाबेसचं काही काम ढकललं की ते एमएसयूत धरत नाहीत, त्याला मी आमच्या टीममध्ये 'पोटखराबा' म्हणतो. गटात आहे पण सारा नाही.

मोंढ्यातली शारदा:
पोटखराब्यात कुठं पीक येतं हो? झिपवर तर काम होतंय, नुसता सारा माफ. ते इनाम झालं इनाम!

आठ-अ:
इनाम मान्य. आमच्याकडं निजामाच्या काळची इनामं आणि त्यांची भांडणं अजून चालू आहेत, त्यामुळं शब्द पण लगेच कळंल.

उदगीरचा पाहुणा:
आणि पूर्ण मशीनवरचं बिल म्हणजे 'गुत्तं'. किती चाललं विचारायचं नाही, ठरली रक्कम द्यायची. आमच्याकडं लाईनीवरचे शेतपंप असेच होते, मीटर नाही, जितके एचपी तितके पैसे, मग मोटर दोन तास चालवा का रात्रभर (आता साडेसातपर्यंत माफ झालंय ती गोष्ट वेगळी). पुण्याकडं ह्यालाच 'उक्तं' म्हणतात.

शुद्धलेखन:
'गुत्तं' हा मराठी शब्द नाही. कानडी-तेलुगूतून आलेला आहे. 'मक्ता' म्हणा.

उदगीरचा पाहुणा:
मक्ता अरबीतून आला सर 😀 तुमच्या घराचं काम आमच्याकडचा गुत्तेदारच करंल, मक्तेदार येणार नाही.

गोदाकाठ:
अहो थांबा. 'सरासरी'चं राहिलं. फिरती, सरकती, चल? 'चल सरासरी' मला आवडलं होतं पण शाळेत चल म्हणजे बीजगणितातला एक्स.

पायली अधोली:
सरासरीतच 'रास' आहे बघा. खळ्यावर सगळ्यांच्या राशी एकत्र सारून सारख्या करायच्या, सर-रास-ई. आमचे आजोबा असंच सांगायचे.

शुद्धलेखन:
आजोबांबद्दल आदर आहे पण शब्द फारसी आहे. सरासर म्हणजे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. खळ्याचा काही संबंध नाही.

पायली अधोली:
मग तुम्हाला फारसीचा 'सरासरी' चालतो आणि शेजारच्या कानडीचा 'गुत्तं' चालत नाही, हे कसलं शुद्ध?

जुना बॅचवाला:
बात मे दम है. मुद्द्याचं सांगतो, 'सरकती' घ्या. चार तासांची चौकट पुढं सरकती, मागचा तास गळतो, नवा आत येतो. फिरती म्हणलं की गोल फिरून जागेवर आल्यासारखं वाटतं. आणि कमाल मागणीबद्दल थोडी शंका आहे. घरच्या लाईटबिलात 100 च्या पुढं, 300 च्या पुढं गेलं की युनिटचा दर चढतो. इथं उलटं, एमएसयू जितके जास्त तितका पुढच्या एमएसयूचा दर उतरतो, मोंढ्यात ठोक माल घेतल्यासारखा. शिवाय इथं आपण स्वतः मर्यादा बांधून घेऊ शकतो, सरासरी तिथं पोचली की सिस्टीमच काम आवळते आणि बिल त्या मर्यादेच्या वर जात नाही. गिऱ्हाईक मात्र स्क्रीनकडं बघत बसतं.

मोंढ्यातली शारदा:
आमचा मालक पण तेच करतो, दुपारी दोन मोटर बंद. मग गाड्या बाहेर रांगेत. म्हणजे माझाच शब्द बरोबर.

नवीन पोरगी:
मी ह्यात नवीन आहे, पण 2019 पासून आयबीएमची जी टेलर्ड फिट नावाची नवी बिलाची पद्धत आली त्यात एक पर्याय तर वर्षभराच्या एकूण वापरावरच आहे ना? आधी वर्षाचा आकडा ठरवायचा, डोंगर आला तरी घाबरायचं नाही, ठरल्यापेक्षा जास्त गेलं तर त्याचे पैसे. मग तिथं 'वापरानुसार' बरोबर आणि जुन्यात चूक, असं काही?

गोदाकाठ:
मेलो. नोट्समध्ये दोन्ही प्रकार आहेत आणि मी दोन्हीकडं एकच शब्द टाकलाय.

आठ-अ:
ते उचल घेतल्यासारखं झालं. ऊसतोडीला बीडची माणसं जातात, आधी रक्कम ठरती, मग टनावर फिटती.

पायली अधोली:
उचल मजूर घेतो, इथं पैसे गिऱ्हाईक कबूल करायलंय. उलटं झालं.

उदगीरचा पाहुणा:
उलटं का सुलटं ते मालक कोण त्यावर आहे. बरं ते राहू द्या, लातूरकडं 'गुत्ता' म्हणतात का 'गुत्तं'? आमच्या घरात बायको निलंग्याची, ती 'गुत्ता घेतला' म्हणती आणि मी 'गुत्तं घेतलं', रोज भांडण.

मोंढ्यातली शारदा:
गुत्ता. निलंगा बरोबर.

पायली अधोली:
नांदेडला गुत्तं. आणि गुत्तेदार दोन्हीकडं सारखाच बुडवतो.

गोदाकाठ:
ताईंना 'सरकत्या सरासरीचा उच्चांक' लिहून पाठवलं. त्यांचा उलट प्रश्न आला, 'उच्चांक' म्हणजे रेकॉर्ड मोडल्यासारखं नाही का वाटत?

शुद्धलेखन:
वाटतं. 'शिखर' लिहा.

जुना बॅचवाला:
आम्ही तर पीकच म्हणतो.

आठ-अ:
पीक म्हणलं की आमचा माणूस सोयाबीन समजंल.