फिक्सीचं मागचं चाक: क्विक रिलीज की नट?

मिऱ्याबंदर:
सेकंडहँड फिक्स्ड गिअर सायकल (फिक्सी) घेतली आहे, चाक फिरतंय तोवर पेडल फिरतंच. मागच्या चाकाला क्विक रिलीज आहे, म्हणजे नटाऐवजी लिव्हरने आवळायचं. भाट्याच्या पुलावर काही त्रास नाही, पण एसटी स्टँडकडून माळनाक्याचा चढ उभ्याने मारला की चाक तिरकं होतं आणि टायर डावीकडे फ्रेमला घासतो. लिव्हर हात दुखेपर्यंत आवळतो. नटवाला एक्सल टाकू का? इथला सायकलवाला म्हणतो, ‘काय फरक पडतो, दोन्ही सारखंच.’

खारा_वारा:
सारखंच नाही. तुझी चेन उजव्या बाजूला आहे, जोर लावलास की ती एक्सलचं उजवं टोक पुढे खेचते, म्हणून टायर डावीकडे जातो. गिअरच्या सायकलचा ड्रॉपआउट (फ्रेममधली एक्सल बसायची खाच) बहुतेक उभा असतो, तिथे एक्सलला पुढे सरकायला वावच नाही. फिक्सीची खाच आडवी, त्यामुळे चाक फक्त आवळण्याच्या जोरावर थांबतं. वर तू पायाने ब्रेक मारणार, म्हणजे उलटा झटका वेगळाच.

आधी लिव्हर बघ. कॅम, म्हणजे लिव्हर फिरवली की आवळणारा भाग, उघडा दिसतो आणि खाली प्लास्टिकची चकती आहे? मग ते क्विक रिलीजच काढून टाक, तसलं उभ्या खाचेपुरतं ठीक. कॅम डोक्याच्या आत बंद असलेलं, स्टीलचं, जुन्या पद्धतीचं क्विक रिलीज बरंच घट्ट धरतं. तरी माझं मत विचारशील तर नटच. लिव्हर एका हिसक्यात सुटते, चोरालाही आणि दगडालाही.

एक्सल बदलताना पोकळ काढून भरीव घाल. मागचे आटे बहुतेक एम१० × १ (१० मिमी जाडी, १ मिमी अंतर) असतात, त्यामुळे जुने कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात ते नट, चालून जातात. छर्रे मात्र नवेच टाक, चार पैशांचा मामला. नट घेताना जपून: साध्या काळ्या सायकलचा नट दिसायला तसाच, पण आटे वेगळे असू शकतात. नट बोटांनी सरळ फिरत गेला पाहिजे. अडला की थांब, पाना लावून रेटू नको, नाहीतर आटे गेले. वॉशर नटातच बसवलेला आणि स्वतंत्र फिरणारा घे, म्हणजे आवळताना चाक सोबत फिरत नाही.

देवगडचो_झील:
आणि गंज? आमच्याकडे पावसात नट असो काय धरता, इचारू नको.

खारा_वारा:
आट्यांना आणि नट-वॉशरच्या मधे ग्रीस. वॉशरचा दातेरी तोंडवळा मात्र कोरडा, फ्रेमला चावतो तोच भाग. ड्रॉपआउटवर जाड रंग असेल तर तेवढ्या जागेचा खरवडून काढ, रंगावर नट कधीच नीट बसत नाही. समुद्रावरून आलास की गोड्या पाण्याने धुऊन पुसायचं, हे सांगायला नकोच.

मिऱ्याबंदर:
चेन टग, म्हणजे एक्सल मागे ओढून धरणारा तो पत्रा, लावू का? ऑनलाइन स्वस्त दिसतात.

खारा_वारा:
उजव्या बाजूला एक पुरे. सरकणं तो अडवतोच, शिवाय चेनचा ताण जमवायला सोपं. पण नट ढिला असेल तर टगच्या भरवशावर राहू नको. त्या सगळ्यात स्वस्त टगचा पत्रा मी हाताने वाकवून पाहिला आहे, तसला नको.

चाक बसवताना मागे ओढून उजवा नट बोटाने लाव, मग टायर डाव्या हाताने मध्यावर धर आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळ. चेन मधोमध दाबल्यावर साधारण अर्धा इंच खाली-वर झाली पाहिजे. पेडल पूर्ण फिरवून पाहा, कुठेतरी चेन जास्त ताणलेली सापडेल. माप त्या जागी घ्यायचं. फार सैल ठेवलीस तर चेन उडून मागचं चाक जाम होईल, आरे-वारेच्या उतारावर हे परवडणारं नाही. पुढचा ब्रेक लावलेला आहे ना?

मिऱ्याबंदर:
आहे. पाना किती नंबरचा?

खारा_वारा:
१५. लांब दांड्याचा घे आणि सीटखाली बांध. पंक्चर गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर झालं तर तुझ्या नटाचा पाना मागायला कोणी भेटणार नाही.